अकरा वाजून दहा मिनिटं

एक कागद घ्या. हातानं गोल काढा, घड्याळाचे आकडे टाका आणि काटे लावा, अकरा वाजून दहा मिनिटं. सोप्पंय ना? पण यात एक गोची आहे. 'दहा' ऐकलं की हात दहाच्याच आकड्याकडे जातो, मोठा काटा खरंतर दोनवर पाहिजे, आणि मेंदूत बिघाड सुरू झाला असेल तर ही ओढ आवरत नाही.

डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, ते ओळखायची ही जुनी टेस्ट. चित्र बघायचं, मार्क द्यायचे, झालं. पण बोस्टनला एडिथ कॅप्लान म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांचं म्हणणं असं की नुसतं उत्तर नका बघू, माणूस तिथपर्यंत पोचला कसा ते बघा.

मेंदूच्या संशोधक रोडा आऊ यांच्या कामात हेच दिसतं. 1990 मध्ये त्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात आल्या. बोस्टनजवळचं गाव, तिथे 1948 पासून 5,209 लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू झाला, मग त्यांची मुलं आली, मग नातवंडं, आणि त्यांच्याच स्मरणशक्तीच्या टेस्ट पण होऊ लागल्या. 2005 पासून या टेस्टमधलं बोलणं रेकॉर्ड होऊ लागलं, एआयचं आजच्यासारखं वारं नव्हतं तेव्हा! 2011 पासून डिजिटल पेन आलं. लिहितं साध्या पेनासारखंच, पण आत कॅमेरा, त्यामुळे चित्र एकदम बरोबर आलं तरी काटा काढायच्या आधी हात किती वेळ अडखळला ते कळतं.

आणि ती रेकॉर्डिंग्ज आता कामाला आली. 2024 मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या टीमनं 166 जणांचं बोलणं एआयला दिलं, सगळ्यांना सौम्य विस्मरण, वय 63 ते 97. आवाज नाही हं, बोललेले शब्द. सहा वर्षांत अल्झायमर कुणाला होईल, हे 78.5 टक्के बरोबर आलं. म्हणजे पाचातला एक चुकलाच, त्यामुळे लगेच अॅप शोधत बसू नका.

शिवाय हे सगळं इंग्रजीत. आमची आजी चमच्याला पण 'ते हे' म्हणायची, ते आधीपासूनच होतं का नंतर वाढलं, आता कोण सांगणार? तिचा आवाज आमच्याकडे एकाच लग्नाच्या व्हिडिओत आहे, तोही बॅन्डच्या मागे.