सांगलीला फुटबॉलचे वस्ताद हवेत
(जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार.

कार्यकारिणीने मला विषय दिलाय, 'परदेशात खेळलेले आपले फुटबॉलपटू'. सांगलीच्या माणसाला फुटबॉलवर बोलायला उभं करणं म्हणजे धाडसच. क्रिकेट म्हणालात तर आमच्याकडे विजय हजारे आहेत, स्मृती मानधना आहे. कुस्तीत कवठेपिरानचे मारुती माने, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णविजेते. फुटबॉल बघायचा तर आम्ही एसटीने कोल्हापूर गाठायचो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच लागली की पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही कुठल्याच पेठेचे नाही, त्यामुळे टाळी चुकीच्या वेळी वाजली तर दोन्हीकडून शिव्या.

परदेशातल्या कारकिर्दी ऐकायला मोठ्या वाटतात, पण बहुतेक छोट्याच. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून उतरला, अनवाणी, पायांना पट्ट्या गुंडाळून. दोन सामने खेळला, तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतला आणि हा घरच्या ओढीने परत निघाला. (पहिल्या हिवाळ्यात ज्यांनी परतीच्या तिकिटाचे दर बघितले नाहीत, त्यांनीच त्याला हसावं.) बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या 'बरी' नावाच्या क्लबकडे गेला. भारताकडून सर्वाधिक गोल केलेला सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला, पण तिथल्या मुख्य लीगमध्ये त्याला एकदाही उतरवलं नाही. पुढे पोर्तुगालला स्पोर्टिंगच्या ब संघातही मोजकेच सामने मिळाले. छेत्रीची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोला!

मला जास्त कुतूहल आहे ते उलट्या वाटेने आलेल्यांचं. अराता इझुमीची आई जपानी, वडील भारतीय. त्याच्या लेखी परदेश म्हणजे आपला देश. सिंगापूरला खेळून तो २००६ मध्ये ईस्ट बंगालकडे आला, मग महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. इथल्या क्लबांत ज्यांची पोरं चमकताहेत त्या आईबापांनी हे ध्यानात ठेवा, परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डावर ती जर्सी मिळत नाही. खेळ थांबल्यावर अराता रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना शिकवायला लागला.

खालिद जमीलचा जन्म १९७७ चा, कुवेतचा. मुंबईत येऊन महिंद्रा, एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी बेजार झाला आणि २००९ मध्ये, ऐन बत्तिशीत, मुंबई एफसीचा कोच झाला. खेळाडू म्हणून त्याचं नाव आज किती जणांना आठवलं असतं, मला शंका आहे. पण २०१७ मध्ये त्याने मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकून दिली. मोठ्या पैशाच्या क्लबांना मागे टाकून! ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. पैलवान थकला की वस्ताद होतो, आणि वस्तादाचं नाव पैलवानापेक्षा लांब जातं, हे आपल्याकडे तालमीत कुणाला शिकवावं लागत नाही. फुटबॉलमध्ये मात्र आपण अजून पैलवानच मोजत बसलोय.

इथे जर्मनीत रविवारी सकाळी मैदानावर जा. सात वर्षांची पोरं, तीन विरुद्ध तीन, गुडघ्याएवढे चार छोटे गोल. प्रत्येकाच्या पायाला मिनिटागणिक चेंडू लागतो. २०२४-२५ च्या मोसमापासून जर्मन फुटबॉल संघटनेने लहान गटांना असले खेळ बंधनकारकच केलेत. शिकवणारा कोण, तर कुणाचा तरी बाबा, आठवडाभर ऑफिसात बसणारा.

आता आमच्याकडची शालेय स्पर्धा आठवा. ऐन पावसाळ्यात. काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलताना बूट मैदानातच राहतो. एरवी पीटीच्या तासाला चाळीस पोरं आणि एक चेंडू. पीटीचे सर शिट्टी वाजवून बाकावर, कारण त्यांना त्याच वेळी खो-खोचा संघही बघायचा असतो. सरांना दोष देत नाही मी. त्यांना कुणी शिकवलंच नाही की त्या चाळिसांचे दहा गट कसे पाडायचे आणि चौघांत तिघांनी पास देत राहून मधल्याला कसं पळवायचं.

आपलं मंडळ दरवर्षी गावाकडच्या शाळांना काहीतरी पाठवतं. मागे जर्सी पाठवल्या, झकास फोटो आले. यंदा जर्सी नकोत, असं मी स्पष्ट म्हणतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने असतात. आधी ई, मग डी, पुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो. आपल्याला प्रोपर्यंत जायचं नाही. सांगली-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या काही क्रीडाशिक्षकांची डीपर्यंतची फी आणि राहण्या-जाण्याचा खर्च उचलायचा, आणि त्यांच्या शाळेला दर वर्गामागे दहा चेंडू द्यायचे. महागडे नकोत, टिकाऊ हवेत.

त्यात शिक्षिकाही असाव्यात. मुलींचा संघ काढायला घरचे तयार होतात ते बाई मैदानात दिसल्यावर.

तुमच्या जुन्या शाळेत असे सर किंवा बाई असतील तर त्यांचं नाव आजच, त्या टेबलावरच्या वहीत लिहा. ग्रुपवर टाकतो म्हणू नका, ग्रुपवर गेलं की ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. आणि हो, कोल्हापूरकरांनी आपल्या शाळांची नावं घुसवू नयेत. तुमच्याकडे वस्ताद बक्कळ आहेत.