दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत

(दृश्य: रामकुंड परिसर, भर पावसाळा. गढूळ पाणी, पायऱ्या दिसत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या पायांवर आदळणारा प्रवाह.)

निवेदन :
नाशिककर गंगेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गंगा म्हणजे गोदावरी, पण इथे गोदावरी म्हणतात ती बातमीत. घरातून निघताना माणूस "गंगेवर जाऊन येतो" असंच सांगतो. तर मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं की जुनी माणसं नुसती मान हलवतात. कमरेला लागलं की भांडी बाजारात खालच्या फळीवरचा माल वर चढायला लागतो. छातीला लागलं की सराफ बाजाराची झोप उडते. सरकारी आकडा क्युसेकमध्ये येतो. होळकर पुलाखालून सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय, ते तो सांगतो. पण पुण्याहून मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "मारुतीला कुठवर आलंय?"

आणि उत्तर येतं, "कमरेपर्यंत."

एका शब्दाचं उत्तर. त्यातलं 'पर्यंत' काढून टाका, उरते नुसती कंबर. या फिल्ममध्ये आपण अशाच चिकट्या शब्दांमागे जाणार आहोत: पर्यंत, मुळे, नंतर, साठी, शिवाय. तुटक वाक्यं एकमेकांना जोडायची असतील तर मराठीत सगळ्यात जास्त राबतात ते हेच.

(दृश्य: पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याची माडी. फळा, सतरंजी, कोपऱ्यात छत्र्या निथळतायत.)

निवेदन :
शनिवारी संध्याकाळी इथे बातमीलेखनाचा वर्ग भरतो. शिकवणारे सर आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. दुसऱ्यांच्या कॉप्या दुरुस्त करण्यात हयात गेली, आणि ती सवय अजून गेलेली नाही. परवानगीचं पत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी आमचंच पत्र दुरुस्त केलं. समोर बसलेली मुलं निफाड, दिंडोरी, सिन्नरहून आलेली. वार्ताहर व्हायचंय.

निफाडच्या मुलीनं पुराची बातमी लिहून आणली आहे. ती फळ्यावर उतरवते.

(फळ्यावर) गंगापूर धरण भरले. धरणातून पाणी सोडले. गोदावरीला पूर आला. पाणी सराफ बाजारात शिरले. रात्र होती. वीज नव्हती. व्यापाऱ्यांनी माल हलवला. दुकाने बंद राहिली.

निवेदन :
यातलं एकही वाक्य चुकलेलं नाही. शुद्धलेखनही स्वच्छ. सर चष्मा पुसत म्हणतात, "अगं, ही बातमी कुठे आहे? ही तार झाली."

तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून नाती गाळायची. बातमीत नाती गाळली तर वाचक ती स्वतःच्या मनानं भरतो, आणि तो काय भरेल याचा नेम नसतो.

(दृश्य: मुलगी खडू घेऊन पुन्हा फळ्याकडे.)

निवेदन :
सुरुवात सोप्या जागेपासून. रात्र होती. वीज नव्हती. व्यापाऱ्यांनी माल हलवला. यात घडलेली गोष्ट एकच आहे, माल हलवला. बाकीची दोन वाक्यं त्या गोष्टीची परिस्थिती सांगतात. मग त्यांना स्वतंत्र क्रियापदाचा थाट कशाला? मुलगी लिहिते:

(फळ्यावर) रात्री विजेशिवाय व्यापाऱ्यांनी माल हलवला.

'होती' गेलं, 'नव्हती' गेलं. परिस्थिती वाक्याच्या तोंडाशी आली आणि क्रियापद एकट्या 'हलवला'ला मिळालं. शाळेच्या पुस्तकात याला वाक्यसंश्लेषण म्हणतात. 'पूर आला आणि दुकाने बंद राहिली' हे संयुक्त वाक्य, 'जेव्हा पूर आला तेव्हा दुकाने बंद राहिली' हे मिश्र, आणि 'पुरामुळे दुकाने बंद राहिली' हे केवल. परीक्षेत त्याला दोन-चार मार्क असतात आणि पेपर झाला की कोणी त्याचं नाव काढत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं; म्हणजे सामग्री जुनीच आहे, वापर तेवढा राहून गेला.

फळ्यावर आणखी एक गोष्ट घडली, ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. 'वीज' होती, तिची 'विजे' झाली. 'पूर'चा 'पुरा' झाला, दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. चिकटा शब्द मागे यायचा असला की नाम आधी अंग चोरून त्याला जागा करून देतं. आपल्या गावाचं नावसुद्धा यातून सुटलेलं नाही: नाशिक, पण नाशकात.

(दृश्य: गोदाघाटाच्या वाटेवरचे हाताने रंगवलेले फलक.)

निवेदन :
इंग्रजीत असा शब्द नामाच्या आधी येतो, सुटा. वाक्याच्या सुरुवातीला असा लांबलचक तुकडा आला तर तो कुठे संपला हे दाखवायला पुढे स्वल्पविराम देतात. मराठीत तो नामाच्या मागे येतो, नामाला चिकटून, आणि तुकडा संपल्याची खूण तोच असतो. म्हणून 'पुरामुळे' लिहून लगेच स्वल्पविराम टाकायची गरज सहसा नसते. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं तो हटकून टाकतात. फलक रंगवणारे उलट करतात: 'रामकुंडा जवळ', मध्ये बोटभर अंतर. एकटं 'जवळ' लिहायचं ते 'बस जवळ थांबते' अशा वाक्यात. रामकुंडाशी नातं जोडलं की 'रामकुंडाजवळ', एकच शब्द. शब्दयोगी हे नाव त्यालाच मिळालंय.

(दृश्य: पुन्हा वर्ग. बाहेर पाऊस वाढलाय, सरांचा आवाजही.)

निवेदन :
आता अवघड जागा. सिन्नरचा एक मुलगा उठतो आणि दुसरं-तिसरं वाक्य एका दमात जोडून टाकतो.

(फळ्यावर) गंगापूर धरणातून पाणी सोडल्यामुळे गोदावरीला पूर आला.

सर विचारतात, "हे तुला कोणी सांगितलं?"

"सर, पाणी सोडलं ना?"

"सोडलं. मग पूर आला. पण त्याच्यामुळेच आला, हे कोण म्हणालं? धरणाच्या खालीही पाऊस पडतो बाबा. शहराचं पावसाचं पाणी कुठे जातं? गंगेतच ना?"

सर खडू घेतात, 'मुळे' पुसतात, 'नंतर' लिहितात.

(फळ्यावर) गंगापूर धरणातून पाणी सोडल्यानंतर गोदावरीला पूर आला.

एका शब्दाचा फरक. 'नंतर' फक्त क्रम सांगतं. 'मुळे' कोणावर तरी बोट ठेवतं, आणि ते बोट ठेवायला हातात पुरावा लागतो: अधिकाऱ्याचं म्हणणं, विसर्गाची वेळ, पावसाची नोंद. आमच्या मते या वर्गात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे. 'पाणी सोडले. पूर आला.' अशी तुटक वाक्यं वरवर निरुपद्रवी दिसतात, पण वाचताना तुम्ही-आम्ही मनातल्या मनात तिथे 'मुळे' घालतोच. लिहिणारा मात्र नामानिराळा. वाक्य जोडायला बसला की त्याला ठरवावं लागतं, मला नक्की काय माहीत आहे?

सर मग एकाच बातमीचे कपडे बदलून दाखवतात. पुरामुळे दुकाने बंद राहिली: पाणी आलं, तेच कारण. पुरानंतर दुकाने बंद राहिली: पाणी ओसरलं, तरी उघडली नाहीत, चिखल असेल, पंचनामे असतील, जाऊन पाहा. पुराच्या भीतीने दुकाने बंद राहिली: पाणी कदाचित आलंच नाही. ज्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सराफ बाजारात शिरलेलं पाणी पाहिलंय, त्यांना या तीन वाक्यांतलं अंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आता हा तुकडा उचलून जरा आत सरकवा.

(फळ्यावर) पुरामुळे दुकाने बंद राहिली.
दुकाने पुरामुळे बंद राहिली.

शब्द तेच. पहिलं वाक्य 'पुरामुळे काय झालं?' याचं उत्तर आहे. दुसरं 'दुकानं कशामुळे बंद होती?' याचं. मराठीत क्रियापदाला खेटून बसलेल्या भागावर जोर येतो, आणि वाक्याच्या तोंडाशी येतं ते बहुधा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं. गावात पूर आलाय हे सगळ्यांना माहीत असेल तर 'पुरामुळे' आधी टाका आणि नवी गोष्ट पुढे येऊ द्या. दंगा झाला, संप होता अशी कुजबूज असेल, तर दुसरं वाक्य लिहा.

(दृश्य: सार्वजनिक वाचनालय, नाशिक. वर्तमानपत्रांची टेबलं, सकाळचे वाचक.)

निवेदन :
१८४० साली सुरू झालेल्या या वाचनालयात, नाशिककरांच्या 'सावाना'त, सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांना जोडकामाचा अतिरेकही तोंडपाठ आहे. पावसाळ्यात तो असा काहीसा छापून येतो: 'पाणलोट क्षेत्रात झालेल्या मुसळधार पावसामुळे गंगापूर धरणातून करण्यात आलेल्या विसर्गामुळे गोदावरीला आलेल्या पुरामुळे सराफ बाजारातील व्यवहार ठप्प झाले.' तीन 'मुळे'. मोठ्यानं वाचून पाहा, दुसऱ्या 'मुळे'ला श्वास संपतो. अशा वेळी जोडण्यापेक्षा तोडणं बरं: 'पाणलोट क्षेत्रात दिवसभर मुसळधार पाऊस झाला.' पूर्णविराम. मग पुढचं.

दिंडोरीच्या मुलानं वेगळीच गंमत केली होती. 'पुलावरून जाताना दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला.' सर म्हणाले, "मारुती पुलावरून कशाला जाईल रे? लंकेला गेला तेव्हाही त्याला पूल लागला नव्हता." वर्ग हसला. 'जाताना' म्हटलं की कोण जाताना, हा प्रश्न येतो, आणि वाक्यातला कर्ता तिथे जाऊन उभा राहतो. 'पुलावरून जाणाऱ्यांना मारुती दिसेनासा झाला' म्हटलं की काम भागतं.

(दृश्य: घाट. ध्वनिक्षेपक लावलेली गाडी.)

ध्वनिक्षेपक : पाणी वाढतंय. घाट सोडा. गाड्या काढा.

निवेदन :
हे जोडू नका. 'वाढत्या पाण्यामुळे सुरक्षिततेसाठी घाटावरून' म्हणेपर्यंत एखाद्याची स्कूटर वाहून जायची.

(दृश्य: वर्ग संपत आलाय. निफाडच्या मुलीची वही.)

निवेदन :
तिची नवी कॉपी अशी:

'गंगापूर धरणातून पाणी सोडल्यानंतर गोदावरीला पूर आला आणि सराफ बाजारात पाणी शिरले. रात्री विजेशिवाय व्यापाऱ्यांनी माल वरच्या मजल्यांवर हलवला. दुकाने बंद राहिली.'

सर वाचतात. बोट शेवटच्या वाक्यावर थांबतं.

"हे एकटं का सोडलंस?"

"पाण्यामुळे बंद होती की वीज नव्हती म्हणून, ते मला माहीत नाही, सर. आणि किती दिवस, तेही."

"मग?"

"एका सराफांचा नंबर आहे."

"लाव की."