पहिली वीज

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. सुनसान रस्ता, कडुनिंबाखाली उभे ऑटो.)

नागपूर. पारा पंचेचाळीसच्या आसपास. चारच्या सुमारास काटोलच्या बाजूनं आभाळ काळं पडतं, धूळ उठते. पाऊस म्हणावा तर चार थेंब. विजा मात्र मोजता मोजता दमाल.

हेच शहर जुलैत बघा. दोन-दोन दिवस झड लागते, नाग नदी फुगते, पण कडकडाट क्वचितच. पाऊस जास्त आणि विजा कमी, हे कसं?

(दृश्य: उभा चढत जाणारा ढग.)

उन्हाळ्यात तापलेली हवा जोरात वर उसळते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठायला लागतं. तिथं बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात. पावसाळ्यात ही उसळी मंद असते. पुष्कळसे थेंब खालीच मोठे होऊन बरसतात, आपटाआपट कमी होते.

पाऊस परतताना ऊन पुन्हा तापतं आणि ढग पुन्हा गरजू लागतात. हस्ताचा पाऊस गडगडत येतो, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. फेब्रुवारीतली गत वेगळी. उत्तरेची थंड हवा बंगालच्या उपसागरावरून आलेल्या दमट हवेला भिडते आणि विजांसोबत गारा येतात. तेव्हा संत्र्याच्या बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळं तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहार फुललेला असतो. गारा दोन्ही झोडपतात.

(दृश्य: रडारचा पडदा.)

म्हणजे महिना सांगता येतो. गाव सांगणं कठीण. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे वाक्य ऐकून कुही किंवा उमरेडच्या शेतकऱ्यानं काय समजायचं? पण हवामान खात्याचीही अडचण खरी आहे. गरजणारा एक ढग जेमतेम काही किलोमीटरचा, आयुष्य तासाभराचं. डॉप्लर रडारला त्यातलं पाणी आणि गारा दिसतात, विद्युतभार दिसत नाही. म्हणून पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देतात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात, त्या पकडून ती कुठं पडली हे संवेदक शोधतात आणि आसपासच्या लोकांना इशारा जातो. चांगली सोय आहे. फक्त, इशारा पडलेल्या विजेवरून निघतो. त्या ढगातली पहिली वीज कुणाच्याच मोबाईलवर आधी वाजत नाही.

(दृश्य: जून. पेरणी सुरू. लांबून गडगडाट.)

मिरग लागलाय. तिफण थांबवून सगळे आभाळाकडे बघतात. मोबाईल बांधावरच्या पिशवीत आहे.