एकच सही, दोन करार

[दृश्य: गेटवर उभं असलेलं छोटं जेट. शेपटीवर डेल्टाचं चिन्ह.]

तिकिटावर डेल्टा. शेपटीवर डेल्टा. विमानात होणाऱ्या घोषणेतही डेल्टा. पण कॉकपिटमधल्या दोघांचा पगार दुसरीच कंपनी देते: एंडेव्हर, स्कायवेस्ट किंवा रिपब्लिक. अमेरिकेत यांना रीजनल एअरलाइन म्हणतात. न्यू जर्सीतून किंवा डेट्रॉइटहून लहान शहरातल्या नातलगांकडे निघालेली कितीतरी मराठी कुटुंबं याच विमानांत बसतात. परीक्षा त्याच, परवाना तोच, जबाबदारी तीच. पगार आणि नोकरीची शाश्वती मात्र वर्षानुवर्षं खालच्या पायरीवरची.

या वैमानिकांच्या बाजूनं बोलायचं कोणी? रिपब्लिकचे वैमानिक टीमस्टर्स युनियनमध्ये आहेत, स्कायवेस्टच्या वैमानिकांनी बाहेरची युनियन स्वीकारलीच नाही. बाकी बऱ्याच रीजनल कंपन्यांमध्ये एकच नाव ऐकू येतं: एअर लाइन पायलट्स असोसिएशन, थोडक्यात अल्पा. स्थापना 1931. डेल्टा आणि युनायटेडचे वैमानिकही याच संघटनेचे सभासद. वर्गणी पगाराच्या टक्केवारीनं घेतली जाते, म्हणजे मोठ्या विमानाचा कॅप्टन भरपूर भरतो आणि रीजनलचा नवा को-पायलट थोडी. मतं मोजायची वेळ आली की सभासदसंख्येनुसार वजन पडतं. यात बेकायदा काहीच नाही. पण पारडं कुणीकडे झुकणार, हे बैठक सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

[दृश्य: धावपट्टीकडे निघालेली दोन विमानं, एक मोठं, एक छोटं.]

खरी मेख ‘स्कोप क्लॉज’ नावाच्या कलमात आहे. मोठ्या कंपनीचे वैमानिक आपल्या करारात हे कलम घालून घेतात. कंपनीनं आपलं काम बाहेरच्या स्वस्त वैमानिकांकडून किती करून घ्यायचं, याची ती मर्यादा. आज अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत ती साधारण अशी आहे: रीजनलच्या विमानात 76 पेक्षा जास्त आसनं नकोत, आणि वजन 86,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 39 टनांच्या वर नको. विमानं बनवणाऱ्या एम्ब्रेअर कंपनीनं ई-175 या छोट्या जेटचं नवं, कमी इंधन पिणारं रूप तयार केलं, पण ते या वजनात बसत नाही. युनायटेडसाठी तर सत्तरेक आसनांच्या जेटमधून आसनं काढून 50 आसनांचं विमान बनवलं गेलं, कारण त्याहून मोठ्या जेट्सचा कोटा भरला होता.

मोठ्या कंपनीच्या वैमानिकाची भीती खोटी नाही. त्याचंच काम निम्म्या पगारात दुसऱ्याकडे गेलेलं त्यानं पाहिलं आहे. पण त्या कलमानं कोणाच्या कंपनीची वाढ अडते? रीजनलच्या वैमानिकाची, जो त्याच युनियनला वर्गणी देतो. आणि त्या कलमावर त्याला मत नाही, कारण करारावर मतदान फक्त त्या-त्या कंपनीचे वैमानिक करतात. दोन्ही करारांवर शेवटी सही मात्र अल्पाच्याच अध्यक्षांची.

[दृश्य: सिनसिनाटी विमानतळाचं जुनं चित्रण.]

कॉमएअरची हकिकत या प्रश्नाच्या गाभ्याशी नेते. सिनसिनाटीची ही रीजनल कंपनी 1999-2000 च्या सुमारास डेल्टानं पूर्ण विकत घेतली. वैमानिकांचं म्हणणं सरळ होतं: मालक एक, युनियन एक, तर सेवाज्येष्ठतेची यादीही एकच करा. या पेशात त्या यादीतल्या क्रमांकावर सगळं ठरतं. कोणतं विमान, कोणता मार्ग, दिवाळी-नाताळाची सुट्टी, मंदीत आधी घरी कोण जाणार, सगळं. अल्पानं यादी एक करायला नकार दिला. 2001 मध्ये कॉमएअरच्या काही वैमानिकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात आपल्याच युनियनवर खटला भरला.

त्याच वर्षी अल्पाच्याच झेंड्याखाली कॉमएअरचे वैमानिक 89 दिवस संपावर होते, आणि युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. म्हणून अल्पानं छोट्यांसाठी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. कंपनीशी लढायचं असतं तेव्हा ती लढते. अडचण येते ती तिच्याच दोन सभासदांचं हित एकमेकांना छेदतं तेव्हा.

2012 च्या उन्हाळ्यात डेल्टाच्या वैमानिकांनी नवा करार मंजूर केला. 76 आसनी जेट्स वाढवायला परवानगी, बदल्यात 50 आसनी जेट्सची संख्या कमी करून 125 वर आणायची. कॉमएअरचा ताफा मुख्यतः जुन्या 50 आसनी जेट्सचा. काही आठवड्यांत डेल्टानं कॉमएअर बंद करायचा निर्णय जाहीर केला. कारण वाढत्या खर्चाचं दिलं. 29 सप्टेंबरला शेवटचं उड्डाण झालं.

कायदा काय म्हणतो? 1944 मध्ये रेल्वे इंजिनात कोळसा घालणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांनी लढलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यांच्या वतीनं युनियन बोलते त्या सगळ्यांशी तिनं न्यायानं वागलं पाहिजे. 1991 मध्ये अल्पाच्याच एका खटल्यात त्याच न्यायालयानं युनियनला बरीच मोकळीक दिली: निर्णय अगदी अतार्किक, भेदभावाचा किंवा वाईट हेतूचा असेल, तरच कर्तव्यभंग. शिवाय प्रत्येक कंपनीचे वैमानिक हा कायद्याच्या नजरेत वेगळा गट. तरी 2011 मध्ये न्यू जर्सीतल्या ज्यूरीनं अल्पाला दोषी धरलं. ते प्रकरण टीडब्ल्यूए या बुडत्या कंपनीच्या वैमानिकांचं होतं. तिला अमेरिकन एअरलाइन्सनं घेतलं, आणि अमेरिकनचे वैमानिक पुढे आपल्याकडे यावेत म्हणून अल्पानं टीडब्ल्यूएच्या वैमानिकांची बाजू ढिली सोडली, असा आरोप होता. 2014 मध्ये 5 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड झाली. टीडब्ल्यूए रीजनल नव्हती, पण त्या व्यवहारातली दुबळी बाजू तीच होती.

आपल्याकडेही 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, आणि 2012 मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला, यावरून वैमानिकांचा 58 दिवस संप चालला. प्रवाशांचे फार हाल झाले. पण तिथे दोन्ही बाजूंच्या संघटना वेगळ्या होत्या. अमेरिकेत वादी-प्रतिवादींचा वकील एकच आहे.

[दृश्य: बफेलोजवळचं अपघातस्थळ, आजचं.]

फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअर या रीजनल कंपनीचं विमान पडलं, 50 माणसं गेली. चौकशीत को-पायलटचा वार्षिक पगार 16,000 डॉलरच्या आसपास असल्याचं पुढे आलं आणि देश हादरला. त्यानंतर विश्रांतीचे नियम कडक झाले, 1,500 तासांच्या अनुभवाची अट आली. त्यासाठी मृतांच्या नातेवाइकांनी जिवाचं रान केलं, अल्पानंही जोर लावला. पुढे वैमानिकांचा तुटवडा पडला, आणि 2022 मध्ये एन्व्हॉय आणि पीडमाँट या रीजनल कंपन्यांच्या नव्या को-पायलटला तासाला 90 डॉलर मिळू लागले. पगाराचा प्रश्न बाजारानं बराच सोडवला. प्रतिनिधित्वाचा सोडवला नाही.

स्कोपची बोलणी होतात त्या टेबलाशी रीजनलच्या प्रतिनिधीला जागा हवी, आणि त्याचं मत नोंदवलं गेलं पाहिजे. मार्च 2023 मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी 34 टक्के पगारवाढीचा करार मंजूर केला. 76 आसनांची रेघ होती तिथेच राहिली. एंडेव्हरची मालकी डेल्टाची, युनियन अल्पाच. पण त्या मतदानात एंडेव्हरच्या एकाही वैमानिकाचं मत नव्हतं.