नोंदवहीतील दुसरा रकाना

तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीतील ही खोली कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील महिला संरक्षण अधिकाऱ्यांची आहे. लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या प्रकरणांशेजारी, ही जाड पुठ्ठ्याची नोंदवही असते. पहिल्या रकान्यात पीडितेचे नाव, दुसऱ्यात सामनेवाल्याचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे. वह्या वर्षवार लावलेल्या असल्याने दुसऱ्या रकान्यातील एखादे नाव पुन्हा आले, तरी ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात हिंसा करणाऱ्यांची नावे इतरांना कळावीत का, हा प्रश्न येथून सुरू होतो.

टेबलावर भरला जात आहे तो घरगुती घटना अहवाल, नमुना १. मारहाणीबरोबरच मुलगा झाला नाही म्हणून केलेला अपमान, औषधपाण्याला पैसे न देणे, न विचारता गहाण टाकलेले स्त्रीधन, घराचा एखादा भाग वापरू न देणे, या सगळ्यांपुढे त्यात खूण करायची असते. अधिकारी एकेक ओळ वाचत असताना तक्रार घेऊन आलेल्या बाईंचे बोट स्त्रीधनाच्या ओळीवर थांबले आहे. अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रत पोलीस ठाण्यात. न्यायालयात अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत पडावी आणि तेथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो.

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या या कायद्यात संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करू नये असा न्यायालयाचा आदेश, मोडणे हा गुन्हा आहे. शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष कैद, २०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा झाला त्या वर्षी, २००५ मध्ये, तेवढ्या पैशांत दोन तोळ्यांहून जास्त सोने येत असे. आज पाव तोळाही येत नाही, पण दंडाचा आकडा तोच आहे. (पतीच्या क्रूरतेसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये ३ वर्षांपर्यंतची कैद आहे, पण तो खटला वेगळा चालतो.)

देशात २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, मात्र ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. इंग्लंडमध्ये सॅल्फर्डच्या क्लेअर वूड यांचा २००९ मध्ये पूर्वीच्या जोडीदाराने खून केला. त्याने आधीही स्त्रियांवर हिंसा केली होती. त्यानंतर तेथे मार्च २०१४ पासून जोडीदाराचा हिंसेचा पूर्वेतिहास पोलिसांना विचारण्याची सोय झाली. दोषी ठरलेल्यांची यादी सरसकट जाहीर केली तर पत्नीचे घरही ओळखू येते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून निदान विचारणाऱ्याला उत्तर मिळावे.

आपल्याकडे स्थळ आले की मुलाची चौकशी गावात, नोकरीच्या ठिकाणी, मामाच्या ओळखीतून होते. त्या चौकशीसाठी एखादे वडील या खोलीत आले, तर त्यांना दुसरा रकाना दाखवण्याची तरतूद कायद्यात नाही.