प्लेट मधे ठेवा

दुपारचे तीन वाजलेत आणि इथं लोक आत्ता कुठं जेवायला बसतायत. स्पेनमधे हे नॉर्मल आहे. एक वाजता आलात तर वेटर अजून खुर्च्याच मांडत असतो आणि कुठून आले हे उपाशी अशा नजरेनं बघतो.

गावाचं नाव सानलूकार दे बार्रामेदा. देशाच्या दक्षिणेला आंदालुसिया, त्यातला कादिस प्रांत. ग्वादालकिविर नदी सेव्हिलवरून वाहत येते आणि इथं अटलांटिकला मिळते, त्यामुळे समोर दिसतंय ते पाणी धड नदीचं नाही धड समुद्राचं नाही, आणि पलीकडे ती हिरवी रेघ दिसतेय ना, ते दोन्याना नॅशनल पार्क, वर्ल्ड हेरिटेज आहे ते. या काठाला म्हणतात बाहो दे गिया. पूर्वी इथं कोळ्यांची वस्ती होती, आता ओळीनं माशांची रेस्टॉरंट्स आहेत.

तापास म्हटलं की आपल्याला वाटतं स्टार्टर, मेन कोर्स मागून येईल. तसं काही येत नाही. हेच जेवण. तापा म्हणजे एकाला चार घास, त्याच्यावर मेदिया रासिओन म्हणजे हाफ प्लेट, आणि रासिओन म्हणजे फुल. बारपाशी उभं राहून खायचं असेल तर तापा ठीक आहे, पण टेबलावर पाच-सहा जण असतील तर रासिओन मागवायची, प्लेट मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी आपापला काटा घेऊन त्यात उतरायचं. आणि हो, ड्रिंकबरोबर तापा फुकट मिळतो हे ऐकलं असेल तर ते ग्रानादाकडे, इथं प्रत्येक प्लेटचे पैसे लागतात.

खरी गंमत ऑर्डर देण्यात आहे. आपली मंडळी मेन्यू वरून खालपर्यंत वाचतात आणि एका दमात आठ-दहा आयटम सांगून मोकळी होतात, मग तळलेलं सगळं एकदम येतं, टेबलावर हात ठेवायला जागा उरत नाही आणि निम्मं खाईपर्यंत मऊ पडतं. पलीकडच्या टेबलावरच्या आजी बघा. आख्खं खानदान घेऊन बसल्यात, पण सांगतात दोनच प्लेटा, त्या संपत आल्या की हात वर, अजून दोन. नातवाला सगळं एकदम हवंय, त्याचं कुणी ऐकत नाही.

पहिलं गार येतं. पापास आलिन्यास, म्हणजे उकडलेला बटाटा गरम असतानाच ऑलिव्ह ऑइल, शेरी या इथल्या वाइनचं व्हिनेगर, कांदा आणि पार्सलीत घोळवलेला. ऐकायला काहीच नाही, पण व्हिनेगर आतपर्यंत मुरलेलं असलं की हीच प्लेट सगळ्यात आधी संपते. मग लांगोस्तीनो, इथली फेमस पट्टेवाली कोळंबी. मिठाच्या पाण्यात जेमतेम उकळायची आणि लगेच बर्फाच्या खारट पाण्यात टाकायची, बास. मसाला नाही, लिंबू पण लागत नाही. हातानं सोलायची आणि डोकं चोखायचं, लाजायचं कारण नाही, आजूबाजूला सगळे तेच करतायत. भाव मात्र विचारून घ्या कारण बऱ्याच ठिकाणी ती वजनावर असते आणि मेन्यूत आकड्याच्या जागी नुसतं "बाजारभावानुसार" लिहिलेलं असतं.

आणि आता ही. तोर्तियीता दे कामारोनेस. नाव लांबलचक आहे पण मराठी माणसाला समजावून सांगायला दोन मिनिटं पण लागत नाहीत, कारण पिठात गव्हाच्या जोडीला चक्क बेसन आहे. त्यात बारीक चिरलेला कांदा, पार्सली, आणि जवळ्याएवढी इवलीशी कोळंबी, सालासकट, अख्खी. म्हणजे जवळ्याची भजीच की! फक्त पीठ पार पातळ ठेवतात, पळीनं कढत तेलात सोडून लगेच पसरवतात, त्यामुळे गोळा होत नाही, जाळी पडते. उजेडासमोर धरली तर आरपार दिसतं, कडेला तपकिरी, मधे कोळंबीच्या डोळ्यांचे काळे ठिपके. तोडली की कडकन आवाज आला पाहिजे. तेल प्यायलेली, जाडजूड आली तर समजायचं किचनला घाई आहे. यासाठी गावातल्या प्लासा देल काबिल्दो चौकातलं कासा बाल्बिनो सगळ्यात नावाजलेलं, तिथं आत काउंटरवर गर्दीत घुसून स्वतः ऑर्डर द्यायची आणि प्लेटा उचलून बाहेर टेबलावर आणायच्या.

मग तळलेले मासे. आसेदिया म्हणजे छोटा लेपा, चपटा मासा. कासोन एन आदोबो म्हणजे आपली मोरी (छोटा शार्क), व्हिनेगर, लसूण, ओरेगॅनो, पाप्रिका आणि जिऱ्यात मुरवून तळलेली. हो, जिरं! शाकाहारी लोकांना सांगून ठेवतो, इथं हाल आहेत, पालक-चणे मिळाले तर नशीब, आणि भाजीवर सुद्धा हॅमचे तुकडे पेरलेले असू शकतात, "सिन हामोन", म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द पाठ करून या.

ग्लासात आहे ती मान्सानिया. शेरीच्या घरातलीच वाइन, पालोमिनो द्राक्षाची, पण मुरते फक्त या गावात. पिंप पूर्ण भरत नाहीत, वर मोकळी जागा सोडतात, तिथं यीस्टची पांढरी साय धरते आणि ती वाइनला हवा लागू देत नाही. समुद्राच्या दमट वाऱ्यानं ही साय वर्षभर टिकते. म्हणून चव कोरडी, जराशी खारट. साधारण 15 टक्के अल्कोहोल असतं, पण बर्फातून काढलेली असते त्यामुळे कळत नाही, दुपारच्या उन्हात जरा बेतानं.

याच पाण्यातून 20 सप्टेंबर 1519 ला दर्यावर्दी मॅजेलनची पाच जहाजं निघाली, मसाल्यांच्या बेटांकडे. 6 सप्टेंबर 1522 ला त्यातलं एक परत आलं, व्हिक्टोरिया, त्यावर कप्तान एल्कानो धरून 18 माणसं आणि जहाजाच्या पोटात लवंगा. मॅजेलन स्वतः फिलिपिन्समधेच मारला गेला होता. त्या काळी स्पेनचा अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार सेव्हिलकडे होता आणि तिकडं जायची वाट हीच. तो बटाटा, ती पाप्रिकाची मिरची, दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या, त्यामुळे या टेबलावर तशा पाहुण्याच.

आता बिल. मागितल्याशिवाय येत नाही, जेवण झालं तरी तास-तास गप्पा मारत बसलेलं चालतं, कुणी उठवत नाही. ब्रेड आणि त्या छोट्या कडक काड्या, पिकोस, त्याचे पण पैसे लावलेले असतात, फसवलं वगैरे समजू नका. एकानं कार्ड द्यायचं आणि बाकीच्यांनी तिथंच बसून त्याला मोबाईलवरून बिझुम करायचं, म्हणजे इथलं यूपीआय. कुणी किती कोळंब्या खाल्ल्या याचा हिशोब काढत नाहीत, सरळ भागिले डोकी. पलीकडच्या टेबलावर पण बिल आलंय, सूनबाई भागाकार करतेय, आणि आजींनी परत हात वर केलाय, अजून एक आसेदिया.