गोलात कोण उभं राहणार?

(ग्लोव्ह्जचा क्लोज-अप)

हे जे ओले हात दिसतायत ते फुटबॉलच्या गोलकीपरचे. मॅचच्या आधी ग्लोव्ह्जवर पाणी मारतात कारण तळहाताचं लॅटेक्स, म्हणजे रबर, कोरडं पडलं की बॉल सटकतो आणि थोडं ओलं असलं की धरतो, बाटली रिकामी झाली तर थुंकी पण चालते, टीव्हीवरचे मोठे मोठे कीपरसुद्धा तेच करतात. आता बोटं बघा. दोन्ही अंगठे जवळजवळ चिकटलेले, बाकीची बोटं पसरलेली, समोरून इंग्रजी डब्ल्यू दिसतो. छातीच्या वरचा बॉल असाच धरायचा. खालून आला की उलटं करायचं, करंगळ्या जवळ आणि बॉल पोटाशी ओढून घ्यायचा. हे कुणीतरी रोज समोर उभं राहून शंभरदा बॉल टाकत शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

(ग्राउंड, सकाळ)

बेळगाव. वरून घेतलेला शॉट नाहीये, कारण शेजारी लष्कराचा एरिया आहे, तिथं ड्रोन उडवता येत नाही. तर खालूनच बघा. लाल माती, एप्रिल महिना, जमीन इतकी टणक की बॉल टप्पा खाऊन डोक्यावरनं जातो. जूनपासून हेच ग्राउंड चिखल होतं, मग बॉल टप्पाच घेत नाही. कीपरला दोन्ही शिकावं लागतं.

पोरी कुठनं कुठनं येतात बघा, कंग्राळी, येळ्ळूर, कडोली, एक तर खानापूरच्या पलीकडनं, दोन बस बदलून. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, शक्ती योजना, आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. यावर पुष्कळ लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. आमच्या कॅमेऱ्यासमोर सकाळी सहाच्या बसमधनं फुटबॉलचे शूज खांद्याला अडकवून उतरणाऱ्या पोरी आहेत.

मॅच मात्र कोल्हापूरला असली की हिशोब बदलतो. कर्नाटकाची हद्द संपली की फुकट पण संपलं.

(पोरी टीम पाडताना)

आता हे ऐका, आवाज मुद्दाम ठेवलाय.

"गोलात कोण?"
"मी न्हाई."
"तू जा की, उंच हैस."
"कालबी मीच होते गं!"

सगळीकडे असंच ठरतं, गल्लीत पण आणि तालुक्याच्या टीममध्ये पण. जी उंच ती गोलात, नाहीतर जिला पळायला येत नाही ती. मग गोल खाल्ला की सगळ्यांनी तिच्याकडं बघायचं. टीमला कोच असतो, कीपरला वेगळा कोच नसतो, आणि कीपर प्रॅक्टिसला काय करते तर इतरांच्या शूटिंगला उभी राहते. म्हणजे ती शिकत नाही, इतरांच्या उपयोगाला येते. आमचं सगळं भांडण इथं आहे.

(मोबाईलवर फोटो बघणाऱ्या पोरी)

हा फोटो अदिती चौहानचा, भारताची गोलकीपर होती ती. जन्म चेन्नईचा, वाढली दिल्लीत. ती पण लहानपणापासून फुटबॉलवाली नव्हती बरं का, शाळेत बास्केटबॉल आणि कराटे. आता विचार करा, बास्केटबॉलमध्ये उडी मारून बॉल वरच्या वर पकडायची सवय, कराटेत पडायची सवय, कीपरला आणखी काय पाहिजे? ते कुणाच्या तरी नजरेला पडलं, कोचनं सांगितलं ट्रायलला जा, ती गेली आणि दिल्लीच्या टीममध्ये आली. आपल्याकडे पण अशा पोरी आहेत, खो-खोच्या, कबड्डीच्या, थ्रोबॉलच्या. बघणारं माणूस पाहिजे.

पुढं ती इंग्लंडला लफबरो युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला गेली आणि 2015 मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या लेडीज टीमकडून खेळली. भारताच्या टीममधनं इंग्लंडच्या लीगमध्ये जाऊन खेळलेली पहिली बाई. पहिल्याच मॅचला कोव्हेंट्रीच्या टीमनं पाच गोल मारले. ही गोष्ट मी इथल्या पोरींना सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त आवडली, एक तर म्हणाली, "पाच? मग मी बरी की!"

नंतर गोकुलम केरळ क्लबकडून खेळली, पुढं आइसलँडच्या हामर क्लबकडून पण. 2020 च्या फेब्रुवारीत इंडियन विमेन्स लीगची फायनल, गोकुलमनं मणिपूरच्या क्रिफ्साला 3-2 हरवलं, आणि ती मॅच बेंगळुरात झाली, म्हणजे आपल्याच राज्यात. भारताकडून 50 च्या वर मॅचेस, सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, जिंकलेल्या टीममध्ये, 2022 ला नवी मुंबईत आशियाई कपमध्ये इराणशी 0-0. त्या कपात पुढं टीममध्ये कोरोना शिरला, तैवानशी मॅच होऊच शकली नाही आणि भारत बाहेर. 2025 च्या जुलैमध्ये ती रिटायर झाली. त्याच महिन्यात भारतानं थायलंडला 2-1 हरवून आशियाई कपचं तिकीट काढलं, गोलात मणिपूरची पंथोई चानू.

(लाँग जंपचा वाळूचा खड्डा)

इथं आम्ही बराच वेळ शूट केलं, कारण हेच खरं बघण्यासारखं आहे.

इथं शिकवणारे सर फौजेत होते, तिथं कीपर होते. पडायला शिकवायची सुरुवात ते उभं राहून करत नाहीत. आधी वाळूत बसवतात, पाय लांब, आणि बाजूला बॉल टाकतात. मग गुडघ्यावर. मग उकिडवं. उभ्यानं डाइव्ह शेवटी येते, तोपर्यंत पोरी कंटाळून जातात. पण बघा, ही पोरगी पोटावर पडली, दिसलं? चुकलं. पोटावर पडलं की नजर जमिनीत जाते आणि बरगडीला मार बसतो. कुशीवर पडायचं. कोपर अंगाखाली घ्यायचं नाही. खालचा हात बॉलच्या मागं, वरचा हात बॉलच्या वर, आणि तिसरा हात म्हणजे जमीन, सर असंच म्हणतात, जमिनीवर दाबला की बॉल कुठं जातोय? आणि झेप सरळ बाजूला नाही, जरा पुढं तिरकी, म्हणजे बॉल लवकर भेटतो.

ही पँट बघा जवळनं. कमरेजवळ आतनं काय शिवलंय? जुन्या योगा मॅटचे तुकडे. एकीच्या आईनं शिवून दिले, आता पाच-सहा जणींच्या पँटीत आहेत. पॅडवाली कीपर पँट बाजारात मिळते, पण एप्रिलच्या या मातीवर दोन महिन्यांत तिची चाळण होते.

(दोरीचा शॉट)

हा माझा आवडता शॉट. कपडे वाळत घालायची साधी नायलॉनची दोरी, एक टोक गोलच्या या खांबाला, दुसरं त्या खांबाला, आणि मधला भाग बॉलपाशी सरांच्या हातात. झाला त्रिकोण. गोल 7.32 मीटर रुंद आहे, लाइनवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा दिसते की पोरगी घाबरतेच. आता सर म्हणतात पुढं ये. एक पाऊल. आणखी एक. दोरी दोन्ही बाजूंनी तिच्या जवळ आली, हात लांब केले तर लागायला लागली. तिच्या तोंडाकडं बघा. काही बोलायची गरज नाही म्हणून इथं निवेदन ठेवलेलं नाही.

(आवाज नाही, दहा सेकंद)

मात्र फार पुढं आली तर डोक्यावरनं जाणार, गोल 2.44 मीटर उंच आहे आणि ही पोरगी पाच फूट तीन. ते पुढच्या धड्यात.

मागच्या सीझनला जी मेन कीपर होती ती या व्हिडिओत नाही, लग्न झालं, आता येत नाही.

(रेल्वे स्टेशन, रात्र)

बेळगावच्या पोरीनं राज्याकडून खेळायचं तर रस्ता बेंगळुरूचा, पाचशे किलोमीटरच्या वर, राणी चन्नम्मा एक्सप्रेस. कोल्हापूर त्यापेक्षा कितीतरी जवळ, तालमींचा फुटबॉल तिथं गल्लीगल्लीत मुरलेला, भाषा पण घरची, पण ते वेगळं राज्य. गोवा तर घाट उतरला की आलंच. दोन फुटबॉलवाली गावं शेजारी आणि ट्रायल मात्र रात्रभर ट्रेननं. आणि राज्याच्या टीममध्ये नाव आलं तर पुढं जी सीनियर नॅशनल खेळायची तिच्या ट्रॉफीला नाव राजमाता जिजाबाईंचं. हे ऐकल्यावर एका आजीनं विचारलं, "मग ही जिंकून आली की शिवजयंतीला सत्कार करणार न्हवं?" आम्ही हो म्हणून टाकलं.

(मॅच, रेफरी बोटं दाखवताना)

एक नवीन नियम, कारण पोरी अजून त्यावरनं भांडतायत. आता कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर. आधी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल मारता येत नाही ती, पण ती कुणी देतच नव्हतं. आता रेफरी हात वर करून शेवटचे पाच मोजतो. आमची कीपर तिसऱ्यालाच बॉल फेकून मोकळी होते, सर ओरडतायत, "अगं दम घे की, कोण मागं लागलंय?"

(ग्लोव्ह्जची पिशवी ओतताना)

जाता जाता एक काम. तुमच्याकडं वापरलेले कीपर ग्लोव्ह्ज असतील तर ग्राउंडवर आणून द्या, तळहात जरा फाटला असला तरी प्रॅक्टिसला चालतो, पण मनगटाची पट्टी धड पाहिजे. साइज सात नाहीतर आठ. नऊ-दहा आणू नका, आमच्याकडं पिशवीभर पडलेत, दुकानदार तेवढेच ठेवतात, आणि पोरींच्या हातातनं ते बॉलसकट निघून येतात.